मागे वळण्याची मुभा

वाचनाचे फायदे सांगताना ज्ञान, शब्दसंपत्ती आणि मनोरंजन यांचा उल्लेख नेहमी होतो आणि तो योग्यच आहे. मला स्वतःला मात्र रोजच्या जगण्यात वाचनाचा सर्वांत मोठा उपयोग जाणवतो तो थांबण्याची आणि मागे वळण्याची मुभा मिळते म्हणून. बोलणारा त्याच्या गतीने बोलत जातो, चित्रफीत तिच्या गतीने पुढे सरकते. वाचताना गती पूर्णपणे वाचकाच्या हाती असते.

ही मुभा आपले डोळे सतत वापरत असतात. नजर ओळीवरून सलग सरकते असे आपल्याला वाटते, पण प्रत्यक्षात ती छोट्या उड्या मारते, प्रत्येक थांब्यावर साधारण पाव सेकंद स्थिरावते आणि सराईत वाचकाच्याही दर १०० उड्यांपैकी सुमारे १० ते १५ उड्या मागच्या दिशेने असतात. मजकूर कठीण असेल, तर हे प्रमाण वाढते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वाचून झालेले शब्द लगेच झाकले जातील अशी व्यवस्था केली होती. मागे वळून पाहता येईनासे झाल्यावर वाचकांचे आकलन घटले. भराभर वाचायला शिकवणाऱ्या पद्धती या मागे वळण्याला दोष मानतात, हे मला म्हणूनच पटत नाही.

औषधाबरोबरचे माहितीपत्रक, कर्जाचा करार, विम्याच्या अटी या साऱ्यांत महत्त्वाची गोष्ट बहुधा एखाद्या ‘वगळून’ किंवा ‘मात्र’ या शब्दामागे दडलेली असते. कोणी तोंडी समजावून सांगत असताना तो शब्द निसटतो आणि पुन्हा विचारायचा संकोच वाटतो. कागदाला तेच वाक्य चौथ्यांदा विचारायला कसलाच संकोच नसतो. ज्याला रोज थोडे तरी सलग वाचायची सवय आहे, तो अशा मजकुरापुढे लवकर दमत नाही. एखाद्याचे न पटणारे मत शेवटपर्यंत वाचून, त्याचा मुद्दा नेमका काय होता हे पुन्हा पाहून मगच उत्तर द्यावे, हा संयमही याच सवयीतून येतो, असा माझा विश्वास आहे.

शब्दांचेही तसेच आहे. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी भाषेविषयीच्या एका अभ्यासात असे आढळले, की क्वचित वापरले जाणारे शब्द पदवीधर प्रौढांच्या आपसातील गप्पांपेक्षा मुलांच्या पुस्तकांत जास्त असतात. म्हणजे घरात कितीही चांगले बोलले जात असले, तरी भाषेचा मोठा भाग छापील पानावरच भेटतो.

लिपी मानवाला सापडून जेमतेम ५,००० वर्षे झाली आहेत. बोलणे मूल ऐकता ऐकता उचलते, वाचणे मात्र प्रत्येक मुलाला मुद्दाम शिकवावे लागते आणि त्यासाठी घरातल्या मोठ्यांनी वेळ काढावा, असे मला कळकळीने वाटते. लहान मूल तीच गोष्ट पुन्हा वाचून दाखवण्याचा हट्ट धरते, तेव्हा मोठी माणसे कंटाळून नवे पुस्तक पुढे करतात. तीन वर्षांच्या मुलांवर झालेल्या एका प्रयोगात वेगवेगळ्या गोष्टी ऐकणाऱ्यांपेक्षा त्याच गोष्टी पुन्हा पुन्हा ऐकणाऱ्या मुलांच्या लक्षात नवे शब्द अधिक राहिले. तेव्हा मुलाने जुनेच पुस्तक पुढे केले, तर तेच उघडावे.