खरेदी सरकारची, रेचे आमचे

२०२५चा हंगाम. दिवाळी होऊन गेली तरी पाऊस हटत नव्हता. हिंगणघाटकडच्या आमच्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढून रुई करायच्या कारखान्याच्या, फाटकाबाहेर ट्रॅक्टर, मेटॅडोर लागले होते. सकाळी शेठजी आले आणि म्हणाले, "आपली खरेदी बंद. जागा सीसीआयच्या केंद्राला दिली." सीसीआय म्हणजे हमीभावाने कापूस घेणारं केंद्र सरकारचं महामंडळ.

मी इथला ग्रेडर. कापूस मुठीत दाबायचा, धागा ओढायचा आणि भाव बोलायचा, एवढंच मला येतं. त्या दिवशी बोलायला भावच उरला नाही. लांब धाग्याचा हमीभाव ८११० रुपये, खुला बाजार त्याच्या बराच खाली. त्यात केंद्र सरकारने १९ ऑगस्टपासून आयात कापसावरचं ११ टक्के शुल्क काढलं; आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. नेमका आमचा कापूस निघतो त्याच वेळी! सूतगिरण्यांना रुई स्वस्त हवी, तेही खोटं नाही. पण मग हमीभावाने घेतलेल्या कापसाच्या गाठी शेठजींनी विकायच्या कोणाला?

मी कामाला लागलो तेव्हा एकाधिकार खरेदीची शेवटची वर्षं होती. शेतकऱ्याने कापूस फक्त राज्याच्या पणन महासंघालाच विकायचा, अशी १९७२ पासूनची ती योजना. कापूस महासंघाचा; जिनिंगने रेचे, म्हणजे सरकी काढायची यंत्रं, फिरवायचे, गाठी बांधायच्या, मजुरी घ्यायची. ती गेली तेव्हा मोठ्या शेठजींनी पेढे वाटले होते. आता तसा कायदा नाही, सक्ती नाही, तरी आम्ही परत मजुरीवरच.

दुपारी वडनेरकडची एक बाई मेटॅडोर घेऊन आली. सातबारा सासऱ्याचा, म्हणून मोबाइलवरची नोंदणी त्याच्या नावाची. म्हातारा पुढे क्लीनरच्या जागेवर बसलेला. ओल मोजायचं मीटर लावलं, साडेतेरा. बारा टक्क्यांवर ओल असेल तर कापूस घेत नाहीत.

"काऊन जी भाऊ, तुमी तर हातानं सांगत होते ना? सांगा न यायले!"

माझ्या हातालाही तो ओलाच लागला होता. फरक एवढाच, की आम्ही असा माल भाव तोडून ठेवून घेत होतो. शेठजींना विचारून शेडपुढच्या सिमेंटच्या ओट्यावर कापूस पसरायला दिला. रेच्यावरच्या दोघी न सांगता उलथापालथ करायला आल्या. ऊन तेवढं बरं होतं. साडेचारला मीटर बारावर आलं. आठ टक्क्यांच्या वर दर टक्क्याला एक टक्का कपात, म्हणजे हाती क्विंटलमागे ७७८५ रुपये ६० पैसे. बाईने म्हाताऱ्याला आकडा दोनदा सांगितला. तो म्हणाला, "गाडीभाडं वायलं."

संध्याकाळी शेठजींनी मला गंज्यांवर आणि गाठींच्या मोजणीवर नेमलं. पगार तोच आहे. गंजीतला कापूस काढून बघायचा झाला तर आता केंद्राच्या ग्रेडरला विचारावं लागतं. तो माझ्या मुलाच्या वयाचा आहे, मला काका म्हणतो.