तुम्ही विचारलंत म्हणून: बोटीने जा, रस्त्याने या

सकाळी नेरूळच्या ज्वेल बागेत फेऱ्या मारताना, क्लासच्या पालकसभेत, आणि परवा तर भाजीच्या गाडीपाशी मेथी निवडत असताना. प्रश्न एकच. "ताई, तुम्ही त्या दिवादांड्या बघत फिरता ना? आम्ही यंदा क्रूझने जायचं म्हणतोय. वाटेत दिवादांड्याही बघून होतील. कुठली क्रूझ घेऊ?"

कुठलीही घ्या. फक्त ते "बघून होतील" डोक्यातून काढून टाका.

मुंबईहून गोव्याकडे जाणारं जहाज दुपारी उशिरा किंवा संध्याकाळी सुटतं आणि कोकणची सगळी किनारपट्टी रात्रीच्या अंधारात मागे टाकतं. त्यातून मासेमारीच्या होड्या आणि जाळी चुकवायची म्हणून मोठी जहाजं किनाऱ्यापासून चांगलीच लांबून जातात. कोर्लई, जयगड, रत्नागिरी, देवगड सगळं तुमच्या डाव्या हाताला असतं, पण मनोरा म्हणून काही दिसत नाही. दिसतो तो दिवा. काळ्या पट्टीवर एक टिंब उजळतं, विझतं, परत उजळतं. ज्याला पांढऱ्या मनोऱ्यासमोर उभं राहून फोटो काढायचाय, त्याचा इथे पुरता विरस होणार. आमच्या पहिल्या खेपेला यांचा झालाच होता.

मी गणिताचे क्लास घेते, त्यामुळे हे मला आकड्यांत सांगितल्याशिवाय राहवत नाही. पृथ्वी गोल आहे म्हणून क्षितिज किती लांब आहे हे आपण किती उंचीवर उभे आहोत त्यावर ठरतं. उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, त्याला 3.57 ने गुणा, आलं उत्तर किलोमीटरमध्ये. चौपाटीवर उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून दीडेक मीटरवर, म्हणजे त्याचं क्षितिज जेमतेम साडेचार किलोमीटरवर. जहाजाचा वरचा डेक पाण्यापासून 25 मीटर उंच धरला तर वर्गमूळ 5, क्षितिज 18 किलोमीटर. आता समोरच्या डोंगरावरचा दिवा समुद्रापासून 100 मीटर उंच असेल, तर त्याचं क्षितिज 36 किलोमीटर. दोन्हींची बेरीज करायची. 54 किलोमीटरवरून तो दिवा तुम्हाला दिसू शकतो, हवा स्वच्छ असेल आणि दिव्यात तेवढा जोर असेल तर. दिवादांड्या टेकडीवर आणि किल्ल्यावर का बांधतात, हे नववीच्या मुलांना या एका उदाहरणात कळतं. आणि तुम्हाला हे कळावं की केबिनच्या खिडकीपेक्षा वरचा डेक का बरा.

म्हणून माझं उत्तर ठरलेलं आहे: बोटीने जा, रस्त्याने परत या. जाताना दिवे बघा, येताना दांड्या.

जायचं आधी सांगते. जहाज बॅलार्ड पिअरहून सुटलं की पहिल्या तासाभरात सगळी जनता बुफेच्या रांगेत असते. त्या तासात जेवायला जाऊ नका. उजव्या कठड्यापाशी उभे राहा. गेटवे मागे पडतो, मग कुलाबा, आणि कुलाब्याच्या टोकाला, खडकावर एकटाच उभा असलेला आडव्या पट्ट्यांचा मनोरा येतो. ही प्राँग्जची दिवादांडी, 1875 सालची. मोठ्या जहाजावरून दिवसाउजेडी नीट दिसणारी बहुधा ही एकच, तेव्हा फोटो काय ते इथेच काढून घ्या. ओहोटीला तिथे खडकांवरून चालत जाता येतं, पण वाट नौदलाच्या हद्दीतली, परवानगीशिवाय त्या फंदात पडू नका.

मग कठडा बदलायचा. आता डावी बाजू. गोव्याकडे जाताना जमीन कायम डावीकडे, जहाजवाले तिला पोर्ट साइड म्हणतात. बाल्कनीची केबिन घेणार असाल तर बुकिंगच्या वेळीच तसं सांगा. मी म्हणेन आतली स्वस्त केबिन घ्या, रात्रभर तुम्ही वरच असणार आहात. थळसमोरचं खांदेरी साधारण दिवेलागणीला येतं. शिवाजी महाराजांनी 1679 मध्ये या बेटावर किल्ला बांधायला घेतला, इंग्रज आणि सिद्दी दोघांनी अडवून पाहिलं, तरी काम थांबलं नाही. दिवादांडी 1867 ची. बेटाला आता कान्होजी आंग्रे यांचं नाव आहे, आणि 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत खांदेरीही आहे. एवढा इतिहास जहाजावरून एका लुकलुकत्या टिंबाएवढा दिसतो.

त्यानंतरचा खेळ मोजण्याचा. प्रत्येक दिवादांडीची चाल वेगळी असते: किती सेकंदांत किती झोत. खलाशी त्यावरूनच ओळखतो की ही अमुक, ती नव्हे. बहुतेक ठिकाणी दिवा खरं तर विझत नाहीच, त्याच्याभोवतीचं भिंग फिरतं, झोत आपल्यावरून सरकून जातो आणि आपल्याला वाटतं लागला, विझला. दीपस्तंभ आणि दीपपोत महानिदेशालयाच्या संकेतस्थळावर या चाली दिलेल्या आहेत. निघायच्या आधी एका कागदावर उत्तरेकडून दक्षिणेकडे क्रमाने उतरवून घ्या. फोनमध्ये नकाशाही आधीच उतरवून ठेवा. समुद्रात रेंज जाते, पण जीपीएस चालू राहतो, आणि आपण कुठल्या गावासमोर आहोत ते कळतं.

मागच्या जानेवारीत रात्री अकराच्या पुढे आम्ही दोघं वरच्या डेकवर होतो. तिथे पोहण्याच्या टाकीपाशी दणदणीत गाणी आणि निळे-जांभळे दिवे, त्या उजेडात बाहेरचं काही दिसेना. मागच्या बाजूला, टॉवेलांच्या पेटीआड एक अंधारा कोपरा सापडला. डोळे सरावायला पंधरा-वीस मिनिटं गेली. मग यांनीच आधी पाहिलं. "तो बघ." मी घड्याळ धरलं, ते पुटपुटत मोजायला लागले. दोनदा आकडा जमेना, तिसऱ्यांदा जमला. कागदाशी ताडून पाहिलं तर जयगड. तेवढ्यात सुरक्षारक्षक टॉर्च घेऊन आला, "काही हरवलंय का साहेब?" त्याला समजावून सांगितलं तर तोही पाच मिनिटं उभा राहून मोजत बसला. त्या रात्री आम्हाला तीन दिवे नक्की ओळखता आले, चौथ्यावरून आमचं अजून भांडण आहे. ते म्हणतात देवगड, मी म्हणते मच्छीमारांचा बल्ब.

पहाटे गोव्याच्या आग्वादसाठी उठा, तीही डावीकडेच येते. तिथली जुनी दिवादांडी 1864 ची.

बोट लागण्याबद्दलही सगळे विचारतात. जहाजाच्या मधोमध, खालच्या मजल्यावरची केबिन सर्वांत कमी हलते. डॉक्टरांना विचारून गोळी निघण्याआधी घ्यायची, पोटात ढवळायला लागल्यावर नव्हे. मी आलेपाकाच्या वड्या नेते. माझी आई दाभोळच्या बोटीने माहेरी जायची. भाऊच्या धक्क्यावरून निघायचं, आणि दाभोळला बोट लांब उभी राहिली की पोरं, पेट्या, फणस सगळं पडावात उतरवायचं. ती प्रवासभर आडवी असायची म्हणे. आम्ही क्रूझला पैसे भरले हे कळल्यावर ती एवढंच म्हणाली, "पैसे देऊन बोट लागायला चाललात?"

पैशांवरून आठवलं. जाहिरातीतला आकडा आणि शेवटी भरायचा आकडा यांत कर, बंदरशुल्क आणि सेवाशुल्क उभे असतात. "सगळं धरून किती?" असंच विचारा. आणि एकेरी तिकीट मिळतंय का ते पाहा, कारण खरी मजा आता पुढे आहे.

गोव्याला उतरल्यावर आम्ही सागरी रस्त्याने वर आलो. दिरांनी गाडी मडगावला आणून ठेवली होती. तसं कोणी नसेल तर कोकण रेल्वेने रत्नागिरीपर्यंत या आणि पुढे गाडी ठरवा. इथे एकच गोष्ट लक्षात ठेवा, बाकी सगळं नियोजन तिच्यावर बसतं: दिवादांड्या बहुतेक ठिकाणी दुपारी चारनंतर थोडाच वेळ बघायला उघडतात. म्हणजे एका दिवसाला एक. एकदा आम्ही लोभाने दोन बसवायला गेलो आणि दुसरीच्या फाटकावर पावणेसहाला कुलूप बघून परत फिरलो. फाटकाआडच्या कुत्र्याने तेवढी दखल घेतली. तेव्हा पहिल्या दिवशी देवगड, दुसऱ्या दिवशी रत्नागिरी, तिसऱ्या दिवशी जयगड करून तवसाळची फेरीबोट धरून गुहागर. मग धोपावे–दाभोळ, पुढे वेसवी–बागमांडला, दिघी–आगरदांडा अशा फेरीबोटी पकडत मुरूडवरून कोर्लई. गाडीसकट खाडी ओलांडायची ही मजा मला क्रूझपेक्षाही आवडते, आणि तिथे केबिनचं भाडं लागत नाही.

एवढी रजा नसेल त्यांच्यासाठी एका दिवसाचा बेत आहे. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो बोट घ्या, 2020 पासून चालू आहे, तासाभराचा प्रवास, गाडी पोटात. मग अलिबाग, रेवदंडा आणि चारला कोर्लई. आमच्या घरात यावर आक्षेप आहे. नेरूळहून पेणमार्गे अलिबागला सरळ रस्ता असताना आधी उलटं मुंबईत कशाला जायचं? मुद्दा बरोबर आहे. पण बोट हवी असेल तर उलटं जावंच लागतं, आणि अटल सेतू झाल्यापासून ते तितकंसं उलटंही राहिलेलं नाही. पावसाळ्यात मात्र हे काहीच नको. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

कोर्लईची दिवादांडी 1955 ची, कुंडलिका जिथे समुद्राला मिळते तिथे, पोर्तुगीज किल्ल्याच्या पायथ्याशी. गावात आजही काही घरांत पोर्तुगीजमिश्रित बोली बोलतात. तिकीट किरकोळ. जिना संपला की शेवटी शिडी येते, साडी नेसून जाऊ नका. वरच्या खोलीत काचेच्या भिंगाभोवती पडदे ओढलेले होते. मला वाटलं धुळीसाठी. तिथल्या कर्मचाऱ्याने सांगितलं, उन्हासाठी. जे भिंग दिव्याचा उजेड गोळा करून लांब फेकतं, तेच दिवसा सूर्याचा उजेड आत गोळा करतं आणि काहीतरी जाळून ठेवतं. मग त्याने पडदा थोडा बाजूला केला. माणसाएवढ्या काचेच्या कड्या एकात एक बसवलेल्या, आणि मधोमध, इतक्या लांबून दिसणारा तो दिवा माझ्या तळहातात मावेल एवढा.

हे म्हणाले, "विचार ना त्यांना, देवगडची चाल काय आहे." मी विचारलं नाही.