कॉम्प्युटरवर जाळून काय कळतं?

बर्नरमध्ये हायड्रोजन कसा जळेल, हे मी कॉम्प्युटरवर सिम्युलेशन करून, म्हणजे आकडेमोडीने, बघतो. त्याबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. भुसावळला कुणाच्या लग्नात गाठ पडली की हा प्रश्न येतोच: "काय भो, हायड्रोजन जाळायचा तर खरा जाळा ना! कॉम्प्युटरवर जाळून काय कळतं?"

घरच्या शेगडीची निळी ज्योत बघा. गॅस खालून वर येतो आणि ज्योत त्याच्याकडे, म्हणजे खाली, सरकू पाहते. दोघांची बरोबरी होते तिथे ती टिकते. मिथेनच्या ज्योतीचा वेग सेकंदाला साधारण 40 सेंटिमीटर, हायड्रोजनचा दोन मीटरच्या वर. गॅसमध्ये हायड्रोजन वाढवत नेला की ज्योत भोकातून आत शिरायला बघते. शेगडीत फट् आवाज होऊन निभावेल, पण वीज बनवणाऱ्या गॅस टर्बाइनमध्ये ती आतल्या नळीत जाऊन बसली तर धातू वितळतो. असला प्रयोग करायला टर्बाइन कोण देणार?

म्हणून आधी स्क्रीनवर. बर्नरच्या आतल्या जागेचे बारीक खण पाडायचे आणि प्रत्येक खणात तापमान किती, वेग किती, कोणता वायू किती, हे क्षणाक्षणाला सोडवत जायचं. ज्योत जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, आणि सगळी उलथापालथ तेवढ्यातच. नैसर्गिक वायूसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या जीआरआय-मेक 3.0 या ज्वलनाच्या अभिक्रियांच्या तयार यादीत 53 घटक आणि 325 अभिक्रिया आहेत. पुस्तकातली हवा 25 अंशांची असते. आपल्याकडे मे महिन्यात ती 45 ची. हवा तापली की ज्योतीचा वेगही वाढतो, म्हणून मी 45 ला चालवून बघितल्याशिवाय कुठलंही उत्तर पुढे देत नाही.

हायड्रोजन जळून फक्त पाणी होतं, हे शाळेतलं वाक्य अर्धंच आहे. हवेत नायट्रोजन असतो, आणि ज्योत फार तापली की त्याचे ऑक्साइड होतात. त्यावर उपाय म्हणजे हवा जास्त सोडून ज्योत थंड ठेवायची. पण हायड्रोजन हलका, बाकीच्यांच्या पुढे पळतो. ज्योतीला सुरकुत्या पडतात आणि मधेमधे गरम ठिपके तयार होतात. खण मोठे घेतले तर हे ठिपके दिसतच नाहीत, उत्तर मात्र झकास येतं. अशा झकास उत्तरांचा मला संशयच येतो. प्रयोगशाळेत मोजलेल्या ज्योतीशी जुळलं, तरच खरं.

पुढचा प्रश्न ठरलेला: 20 टक्के हायड्रोजन मिसळला की धूर 20 टक्के कमी ना? नाही. घनमीटरभर हायड्रोजनमध्ये मिथेनच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी उष्णता असते. तेवढाच स्वयंपाक करायचा तर कार्बन डायऑक्साइड घटतो जेमतेम 7 टक्के. तापीच्या मुखाकडे, सुरतजवळच्या कवासला, जानेवारी 2023 पासून एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीच्या वसाहतीत पाइपच्या गॅसमध्ये हायड्रोजन मिसळतात. सुरुवात 5 टक्क्यांपासून केली, तेही सौरविजेवर काढलेल्या हायड्रोजनने.

ती सौरवीजच महत्त्वाची. किलोभर हायड्रोजन पाण्यातून काढायला 50 हून जास्त युनिट लागतात, आणि जाळल्यावर हाती येतात 33. आमच्या भुसावळजवळच्या दीपनगर वीज केंद्राच्या कोळशाच्या विजेवर हा उद्योग करायचा असेल, तर माझ्या बर्नरचं सिम्युलेशन कितीही चांगलं जमो, धूर वाढणारच.