लाउडाचं दुसरं पुनरागमन

शनिवार, रात्री उशिरा

आज पुन्हा १९८४ ची पोर्तुगालमधल्या एस्तोरिलची फॉर्म्युला वन शर्यत बघत बसलो. निकाल तोंडपाठ आहे, तरी शेवटच्या वीस फेऱ्यांत जागचं हलवत नाही.

ऑस्ट्रियाचा शर्यतपटू निकी लाउडा म्हटलं की सगळे १९७६ वरच जातात. साहजिक आहे. १ ऑगस्टला जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगवर गाडी पेटली, चेहरा भाजला, विषारी धुराने फुप्फुसं गेल्यात जमा होती, रुग्णालयात धर्मगुरूने अखेरचे संस्कारही उरकले. आणि सहा आठवड्यांत हा इटलीत मोंझाला गाडीत! जखमा ओल्याच. हेल्मेट काढताना आतलं रक्ताळलेलं कापड कातडीला चिकटून यायचं. चौथा आला. पहिल्या दिवशी भीतीने अंग ताठरलं होतं, हे त्यानेच पुढे मोकळेपणाने सांगितलं. त्याला निर्भय म्हणणाऱ्यांनी एवढं तरी ऐकावं.

पण मला जास्त ओढ आहे ती त्याच्या दुसऱ्या पुनरागमनाची. १९७९ मध्ये माँट्रियलला सराव सुरू असतानाच तो गाडीतून उतरला आणि घरी गेला. ना अपघात, ना हकालपट्टी. गोल गोल फिरण्याचा कंटाळा आला होता, बस. दोन विजेतेपदं खिशात होती, स्वतःची विमान कंपनी होती. मोंझाला परतण्याचं कारण उघड होतं, विजेतेपद हातातून निसटत होतं. १९८२ मध्ये मॅक्लारेन संघातून परतताना तसं कुठलंही विजेतेपद निसटत नव्हतं. शरीर भरून येतं. उडालेलं मन परत आणायचं कसं, हे मला अजून कळलेलं नाही. (आल्या आल्या पहिल्याच शर्यतीच्या आधी दक्षिण आफ्रिकेत क्यालामीला चालकांच्या संपाचं पुढारीपणही केलं त्याने. शांत बसणारा गडी नव्हेच.) तिसऱ्या शर्यतीत, लाँग बीचला, जिंकलासुद्धा.

खरी गंमत १९८४ ची. संघाच्या दुसऱ्या गाडीत अलेन प्रॉस्ट आला, वयाने सहा वर्षांनी लहान आणि एका फेरीत सरळसरळ जास्त वेगवान. लाउडाला मॅक्लारेनच्या चार वर्षांत एकदाही पोल, म्हणजे शनिवारच्या पात्रता फेरीतून मिळणारी सर्वांत पुढची जागा, मिळाली नाही. दुसरा कोणी असता तर सरावातच जीव काढून बसला असता. लाउडाने तो हिशेबच सोडून दिला. त्या वर्षी शर्यतीत इंधन भरायला बंदी होती आणि टाकीत २२० लिटरच. टर्बो इंजिन हावरट. म्हणजे शनिवारी कोण पुढे, यापेक्षा रविवारी शेवटच्या फेरीपर्यंत इंधन, टायर आणि गिअरबॉक्स कोण सांभाळतो, याला किंमत. त्याने गाडी शर्यतीपुरती जुळवली आणि अकराव्या-बाराव्या जागेवरून निघायला लाज वाटू दिली नाही.

एस्तोरिललाही तो अकराव्या जागेवरून निघाला. प्रॉस्ट पुढे निवांत. विजेतेपदासाठी लाउडाला दुसरी जागा हवी होती आणि तिथे नायजेल मॅन्सेल होता. तेवढ्यात मॅन्सेलचे ब्रेक गेले. प्रॉस्टने शर्यत जिंकली, मोसमातली सातवी; लाउडाच्या पाचच. तरी विजेतेपद लाउडाचं, ७२ विरुद्ध ७१.५. अर्धा गुण!

तो अर्धा कुठून आला? मोनाकोहून. पावसात शर्यत मध्येच थांबवली म्हणून गुण निम्मे दिले. प्रॉस्टला विजयाचे नवाऐवजी साडेचार. ती थांबवा म्हणून हात करणारा प्रॉस्टच होता. पूर्ण झाली असती आणि तो दुसरा आला असता तरी सहा गुण मिळाले असते आणि विजेतेपद त्याचं झालं असतं. लाउडा तर त्या दिवशी घसरून बाहेरच पडला होता.

पुनरागमनाचाच विषय निघाला म्हणून: निवृत्तीनंतर परतलेल्या मायकेल शूमाखरच्या परतीला सर्रास फसलेली म्हणतात, ते मला पटत नाही. २०१० मध्ये तो ४१ वर्षांचा होता. त्याची जुनी ताकद होती मोसमभर चालणारी चाचणी आणि ब्रिजस्टोनने त्याच्या सवयीनुसार घडवलेले टायर. परतला तेव्हा मोसमातल्या चाचण्या जवळपास बंद झालेल्या आणि टायर सगळ्यांना सारखेच. तीन वर्षांत एकच पोडियम (पहिल्या तिघांतली जागा), व्हॅलेन्सिया २०१२. पण त्याच वर्षी मोनाकोला पात्रता फेरीत सर्वांत वेगवान तोच होता. आधीच्या शर्यतीतल्या धडकेची शिक्षा म्हणून पाच जागा मागे जावं लागलं. म्हणजे वेग शिल्लक होता. लाउडाला १९८४ मध्ये जसे नियम लाभले, तसे त्याला मिळाले नाहीत, एवढंच.

उद्या नेदरलँड्समधली झांडव्होर्टची १९८५ ची शर्यत बघायला काढतो. लाउडाने आठवड्यापूर्वीच दुसऱ्यांदा निवृत्ती जाहीर केलेली, मोसम जवळपास सगळा वाया गेलेला, आणि मागे प्रॉस्ट. पाव सेकंदाहूनही कमी फरकाने त्याला अडवून ठेवलं. ती त्याची शेवटची जीत.