120 अश्वशक्ती आणि दौलताबादची वेस

बीडहून छत्रपती संभाजीनगरला मी गेल्या महिन्यात एका मंगळवारी सकाळच्या एसटीने गेलो आणि त्याच रात्री एसटीनेच परत आलो. मधल्या वेळात मी एका छोट्या, चपळ आणि बऱ्यापैकी महाग हॅचबॅक गाडीतून सुमारे पन्नास किलोमीटर फिरलो. ती गाडी घेणे मला अगदीच अशक्य होते असे नाही. परंतु ती मी घेणार नाही, हे शोरूमचे काचेचे दार ढकलण्यापूर्वीच मला ठाऊक होते. ही कबुली आधीच देऊन टाकतो, कारण पुढे जे घडले ते या लबाडीशिवाय नीट कळणार नाही. गाडीचे आणि शोरूमचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण त्यात एका तरुण मुलाची नोकरी गुंतलेली आहे.

जाण्याचा प्रवास सांगण्यासारखा नाही. माझ्या चौदा वर्षांच्या डिझेल गाडीची क्लच प्लेट गेली असल्यामुळे ती मेकॅनिककडे पडून होती, आणि गेवराई सोडल्यावर मला जी झोप लागली ती शहागडला गोदावरीच्या पुलावर क्षणभर मोडून थेट आडूळनंतरच उघडली.

या जातीच्या गाड्यांचे वेड मला जुने आहे. रोजच्या वापरातली, मागे डिकीचे दार असलेली छोटी गाडी घ्यायची आणि तिच्यात तिच्या आकाराला न शोभणारे ताकदीचे इंजिन बसवायचे, ही कल्पना जर्मनीत 1976 साली आलेल्या गोल्फ जीटीआयमुळे जगभर रूढ झाली. आपल्याकडे तिची पैदास नेहमी बेताचीच राहिली. 2005 साली स्विफ्ट आली तेव्हा आमच्या पिढीला वळणावर गाडी टाकण्यातली गंमत पहिल्यांदा कळली. नंतर पोलो जीटी टीएसआयने काही वर्षे अनेकांची झोप उडवली आणि 2022 मध्ये पोलोचे येथील उत्पादनच थांबले. 2017 मध्ये बलेनो आरएस आली आणि फार न टिकता गेली. 2021 मध्ये आय ट्वेंटी एन लाइन आणि 2024 मध्ये अल्ट्रोझ रेसर आली. चार मीटरच्या आतली लांबी आणि 1200 सीसीच्या आतले पेट्रोल इंजिन असले तर कर कमी लागतो, त्यामुळे आपल्याकडच्या अशा गाड्यांना मोठे इंजिन परवडत नाही आणि सगळी करामत टर्बोवर चालते. इंजिनातून बाहेर पडणारा जळका वायू एक लहान चक्र फिरवतो, त्याच दांड्यावर बसवलेले दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते, आणि त्या जादा हवेबरोबर जादा पेट्रोल जाळता येते. टर्बो नसलेले याच मापाचे इंजिन जिथे 80 ते 90 अश्वशक्तीवर थांबते, तिथे हे 120 पर्यंत जाते. मी चालवली ती गाडी अशीच होती: तीन सिलिंडर, सहा गिअर आणि 120 अश्वशक्ती.

शोरूममध्ये माझ्या वाट्याला आलेला मुलगा तेवीस-चोवीस वर्षांचा, वैजापूरकडचा आणि अत्यंत पाठांतर झालेला होता. मी त्याला इंजिनाबद्दल एक प्रश्न विचारला की तो स्पीकरांची संख्या सांगत असे. सनरूफ तोंडी हुकमाने उघडते हे दाखवण्यासाठी त्याने तिला तीन वेळा आज्ञा केली, ती तिन्ही वेळा गाडीला समजली नाही, आणि शेवटी त्याने मान खाली घालून बटण दाबले. मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो हे कळल्यावर त्याने कॉफीचा कप माझ्याकडे सरकवत, "मला अरे-तुरेच करा, सर," असे सांगितले. माझ्या वाहन परवान्याचा फोटो निघाला, अर्जावर सही झाली आणि आम्ही निघालो. निघताच त्याने गाणे लावले. मी ते बंद केले. त्याने पुन्हा लावले. ज्या गाडीचा आवाज ऐकण्यासाठी मी एसटीत चार तास काढले होते, त्या गाडीत मला दुसऱ्याच कोणाचा तरी आवाज ऐकवण्याचा हा आग्रह मला अजूनही समजलेला नाही.

ठरलेली फेरी नगर नाक्यापर्यंत जाऊन परत, एवढीच होती. एवढ्या अंतरात तिसऱ्या गिअरची ओळखही झाली नाही. रस्ता सरळ, पुढे रिक्षा, मागे रिक्षा. अशा वाटेवर 120 अश्वशक्तीची गाडी आणि भाजीचा टेम्पो यांत फरक फक्त आसनांचा राहतो. लोक एवढ्यावर दहा-अकरा लाखांचा निर्णय कसा घेतात, असे मी त्याला जरा चिडूनच विचारले. नाक्याजवळ गाडी कडेला घेऊन मी म्हणालो, "मला ही घाटात चालवून बघायची आहे. दौलताबादला जाऊन येऊ."

तो गडबडला. घाट परवानगीत बसत नव्हता. त्याने वरिष्ठांना फोन लावला, माझ्याकडे पाठ केली आणि खाली आवाजात, पण मला स्वच्छ ऐकू येईल असे म्हणाला, "सर, कस्टमर एकदम हॉट आहे. आज-उद्यात बुकिंग पक्कं धरा." शोरूमच्या भाषेत येणाऱ्या माणसाचे हॉट, वॉर्म आणि कोल्ड असे तीन प्रकार असतात. मी कोल्ड होतो, आणि हे त्या गाडीत फक्त मला माहीत होते. त्या क्षणी "अरे, थांब, तसे काही नाही," एवढे म्हणायला काही लागत नव्हते. मी आरसा नीट करत बसलो.

छावणी आणि पडेगाव मागे पडले आणि मिटमिट्याच्या अलीकडे कुठेतरी गाडीने मला पहिला धडा दिला. नियमाप्रमाणे गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असावा लागतो, म्हणजे गाडी त्यावर हळूच चढते आणि हळूच उतरते. आपल्याकडे वस्तीतील लोकांनी एखाद्या अपघातानंतर रागाच्या भरात घातलेला गतिरोधक हा बहुधा झाकून ठेवलेला ओंडका असतो. तशा एका ओंडक्यावर गाडीच्या पोटाखालून खर्रकन आवाज आला. मुलगा डोळे मिटून घेत म्हणाला, "काही नाही सर, एवढं चालतं." त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक उंचवट्यावर मी गाडी तिरपी घेतली.

मला त्या वेळी आमच्या गावचा रस्ता आठवत होता. गेवराई तालुक्यातील आमचे शेत काळ्या मातीत आहे आणि रस्ताही त्याच मातीवर आहे. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिला हातहात भेगा पडतात. तिच्यावर कितीही डांबर ओतले तरी दोन वर्षांत रस्त्याला लाटा येतात. घट्ट स्प्रिंग आणि रुंद, बुटक्या टायरांची गाडी त्या लाटांवर प्रत्येक हिसका सरळ मणक्याला कळवते. आमच्या आईला अशा गाडीत मागे बसवून गावाला नेले, तर ती परतीला एसटीचा आग्रह धरील. गाडी न घेण्याची माझी बहुतेक सगळी कारणे त्या रस्त्यावर आहेत.

मंगळवार मी विचारपूर्वक निवडला होता. मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात, त्यामुळे पर्यटकांच्या बसगाड्या रस्त्यावर कमी असतील आणि दौलताबादच्या वेशीत अडकावे लागणार नाही, असा माझा हिशेब होता. त्या हिशेबात मी लग्नसराई धरली नव्हती. तुळशीचे लग्न होऊन आठच दिवस झाले होते. किल्ल्याच्या बाहेरच्या तटबंदीतील दिल्ली दरवाजातून रस्ता पुढे घाटाकडे जातो, आणि त्या कमानीतून एका वेळी एकच मोठे वाहन निघू शकते. आम्ही तिथे पोहोचलो तेव्हा पलीकडून वऱ्हाडाची बस निम्मी आत आलेली होती आणि अलीकडून उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर तिच्या तोंडाशी उभा होता. मागे सरायला कोणीच तयार नव्हते. बसचा चालक खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडत होता, "घ्या की मागं, काय बघायलाव?" ट्रॅक्टरवाला स्टिअरिंगवर हात ठेवून शांतपणे तंबाखू मळत होता, दोन ट्रॉल्या मागे घेणे काय असते हे त्या चालकाला माहीत असूनही तो ओरडतो आहे, याची त्याला बहुधा कीव येत असावी.

आम्ही तिथे पाऊण तास उभे होतो. माझा डावा गुडघा क्लचवर ठणकू लागला. इंजिनाचा पंखा मोठ्याने फिरायला लागला. कमानीच्या काळ्या दगडांवर माणसाच्या खांद्याच्या उंचीला आडव्या रेघांचा एक जाड पट्टा उमटलेला मला दिसला. घासून गेलेल्या वाहनांचा लाल, पिवळा, निळा रंग त्या रेघांत भरलेला होता. यादवांची देवगिरी, 1327 मध्ये दिल्लीहून इथे राजधानी हलवणारा मुहम्मद तुघलक, त्यानंतरच्या सगळ्या सत्ता या वाटेने आल्या-गेल्या असतील. पण त्या वेळी माझे लक्ष फक्त डावा आरसा आणि दगड यांच्यातील चार बोटांच्या फटीवर होते.

गाणे आता आपोआपच बंद झाले होते. मुलाला मी विचारले, "तू ही गाडी घाटात कशी चालते ते पाहिलेस का?" तो म्हणाला, "नाही सर. आम्हाला नाक्यापर्यंतच. मी तिसऱ्याच्या वर कधी टाकलीच नाही." दररोज सात-आठ लोकांना तो सहाव्या गिअरचे गुण सांगत होता. स्वतः तो शहागंजपर्यंत शेअर रिक्षाने जात असे. शेवटी वऱ्हाडातले चार-पाच फेटेवाले उतरले, त्यांनी बसला हात दाखवत दाखवत मागे घेतले, ट्रॅक्टर पुढे सरकला आणि आमच्या पुढची वाट एकदम मोकळी झाली.

यानंतरची दहा मिनिटे मी आजही मनात पुन्हा पुन्हा चालवतो. पहिल्या चढाला गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाच्या मिनिटाला 1500 फेऱ्यांवर होती आणि मी पाय दाबला तरी ती नुसतीच कुरकुरत राहिली. टर्बोचे चक्र अजून पुरेसे फिरले नव्हते. मला वाटले, एवढेच होते तर. मग काटा 2000 च्या आसपास गेला आणि पाठीमागून कोणीतरी तळहात टेकवून ढकलावे तशी ती पुढे सरली. धक्का नव्हता, फक्त चढ नाहीसा झाला. दुसऱ्या वळणाला स्टिअरिंग हातात जड झाले, बाहेरच्या बाजूची दोन्ही चाके डांबर धरून राहिली, आणि माझी जुनी गाडी जिथे एका बाजूला कलून प्रवाशांना दारावर टाकते तिथे ही सपाटच्या सपाट वळली. वेग 60 च्या पुढे एकदाही गेला नाही. तरीही मला जे झाले ते लहानपणी भाड्याच्या सायकलवरून उतारावर हात सोडताना व्हायचे, तसे होते. तिसऱ्या वळणावर एक वानर पेरू खात रस्त्याच्या मधोमध बसले होते. मी ब्रेक लावला. गाडी सरळ रेषेत थांबली, मागच्या आसनावरची माझी पिशवी तेवढी खाली पडली, आणि वानर पेरू संपवूनच उठले. मुलगा वरच्या दांड्याला धरून बसला होता, पण हसत होता.

खुलताबादला आम्ही अतिशय गोड आणि अतिशय वाईट चहा प्यायलो. परत निघताना किल्ली मी त्याच्या हातात दिली. तो आधी नाही म्हणाला, मग त्याने आसन पुढे घेतले, आरसे लावले आणि फार वेळ पट्टा ओढत राहिला. "ज्या गिअरमध्ये चढायचं, त्याच गिअरमध्ये उतरायचं, ब्रेकवर लटकायचं नाही," एवढेच मी त्याला सांगितले. पूर्ण घाटात त्याने एकही वाक्य पाठ म्हणून दाखवले नाही. वेशीपाशी वाट मोकळी मिळाली तेव्हा तो स्वतःशीच म्हणाला, "च्यायला, दुसऱ्यात लई भारी ओढते ही." इतक्या दिवसांत त्या गाडीबद्दल खरी अशी एवढीच माहिती मला कोणी दिली.

पडेगावला मी पाचशे रुपयांचे पेट्रोल भरले. त्याने पैसे घेतले असते तर मला बरे वाटले असते, पण त्याने घेतले नाहीत. शोरूमच्या फाटकावर रखवालदाराने वहीत किलोमीटर लिहिले आणि आकडा पाहून मुलाकडे पाहिले. मुलगा माझ्याकडे पाहू लागला. मी म्हणालो, "घरी विचारून सांगतो." हे वाक्य त्याने माझ्याआधी कितीतरी लोकांकडून ऐकले असणार. त्याने मान डोलावली, अर्ज पुढे ओढला आणि ग्राहकाच्या रकान्यात "हॉट" लिहिले. पन्नास किलोमीटरसाठी त्याला दुसरे काही लिहिणेही शक्य नव्हते.

माझ्या जुन्या गाडीला आता नवी क्लच प्लेट बसली आहे. शोरूमच्या कार्यालयातून एका मुलीचा फोन दर तीन दिवसांनी येतो, बहुधा माझा तास चालू असताना. ती विचारते, "सर, बुकिंग कधीचं धरू?" मी वर्गाबाहेर येऊन प्रत्येक वेळी फोन उचलतो आणि घरी अजून चर्चा चालू आहे असे सांगतो.