शेवटच्या रेडिएशननंतरची दोन वर्षं

तिसावं रेडिएशन झालं त्या दिवशी मला वाटलं, संपलं. जिभेचा कॅन्सर होता, जिभेच्या डाव्या कडेचा भाग काढून झाला होता, त्याच बाजूच्या मानेतल्या गाठी काढून झाल्या होत्या. आता फक्त ताकद भरून काढायची.

डॉक्टरांनी फाइलवर पुढची तारीख टाकली, महिन्याभरानंतरची. पहिल्या वर्षी दर एक ते तीन महिन्यांनी यायचं, दुसऱ्या वर्षी थोडं अंतर वाढवायचं, पाच वर्षांनी वर्षातून एकदा. इतक्या जवळजवळच्या तारखा का, असं विचारलं तर म्हणाले, हा आजार उलटला तर बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांतच उलटतो. त्या रात्री झोप लागली नाही, पण एकही तारीख चुकवली नाही ती त्या उत्तरामुळेच.

मी चुकलो ते दोन तारखांच्या मधल्या दिवसांत. फिजिओथेरपिस्टने तोंड उघडण्याचे व्यायाम शिकवले होते. तोंडात जखमा होत्या, दुखायचं, म्हणून मी ते टाळत गेलो. जखमा भरल्या की करू, असं म्हणत राहिलो. चौथ्या महिन्यात तोंडात उभी दोन बोटंही नीट जाईनात. मोजलं तर २४ मिलिमीटर. ३५ च्या खाली गेलं की तोंड आखडलं असं धरतात. रेडिएशन थांबलं तरी चावण्याचे स्नायू पुढे कित्येक महिने आतून घट्ट होत राहतात, हे मला तेव्हा समजलं. मग लाकडी चपट्या काड्या एकावर एक रचून दाढांमध्ये धरायच्या, दिवसातून पाच वेळा. सुरुवात तेरा काड्यांनी केली. चौदावी बसायला तीन आठवडे लागले. डोळ्यांत पाणी यायचं. हे सगळं पहिल्या आठवड्यापासून केलं असतं तर इतकं सोसावं लागलं नसतं, असं मला आजही वाटतं, आणि नुकतंच रेडिएशन संपलेला कुणी भेटला की मी आधी व्यायामाचंच विचारतो.

दातांच्या बाबतीत थोडक्यात वाचलो. लाळ जवळजवळ आटली होती, त्यामुळे दात भराभर किडतात. रोज रात्री फ्लोराइड जेल लावत होतो, तरी डावीकडची खालची दाढ ठणकायला लागली. जवळच्या दवाखान्यात गेलो. ते म्हणाले, काढून टाकू, आणि इंजेक्शन भरायलाही घेतलं. मी हात धरून थांबवलं आणि रेडिएशन झाल्याचं सांगितलं. त्यांनी लगेच सुई खाली ठेवली. रेडिएशन झालेल्या जबड्याच्या हाडाला रक्तपुरवठा कमी पडतो. दात काढलेली जागा भरत नाही आणि हाडच मरू शकतं. हा धोका वर्षानुवर्षं राहतो. शेवटी आमच्या डॉक्टरांशी बोलून रूट कॅनाल केलं, दाढ वाचली. तेव्हापासून पाकिटात रेडिएशनची चिठ्ठी असते: ६० ग्रे (रेडिएशनच्या मात्रेचं एकक), ३० वेळा, डावी बाजू.

वर्षभरानंतर अंग जड वाटायचं, सारखी झोप यायची. अशक्तपणा समजून मी बोललोच नाही. ही म्हणाली, "अहो, आत गेलात की सगळं ठीक आहे म्हणून बाहेर येता. लिहून न्या." वहीत लिहून नेलं. रक्त तपासलं तर थायरॉइड मंदावलेलं. मानेला रेडिएशन झालं असेल तर टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, दर सहा ते बारा महिन्यांनी करावी लागते. गोळी सुरू झाली आणि दोन महिन्यांत माणसात आलो. त्या वहीत आता वजन, बोटं किती मावतात, खांदा कुठवर वर जातो, सगळं असतं.

अठराव्या महिन्यात उजव्या गालाच्या आत एक लालसर चट्टा दिसला. तंबाखू केव्हाच सोडली होती, पण एकदा कॅन्सर झालेल्या तोंडात दुसऱ्या जागीही नवा होऊ शकतो. दोन आठवडे झाले तरी चट्टा जाईना. तारीख महिनाभर लांब होती. फोन केला, दुसऱ्याच दिवशी बोलावलं. बायोप्सी झाली. रिपोर्ट येईपर्यंतचे सहा दिवस आम्ही दोघं एकमेकांशी फारसं बोललो नाही. काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, "तारखेची वाट बघितली नाहीत ते बरं केलंत."

गेल्या आठवड्यात दोन वर्षं झाली. पुढची तारीख चार महिन्यांनंतरची आहे. काड्या चालूच आहेत, सध्या अठरा.