जपानी म्हणींची वही: या महिन्यात सात, त्यातल्या पक्क्या चार

निसर्गातून आलेल्या म्हणी आणि वाक्प्रचारच घ्यायचे, असं ठरवून बसलो होतो. वहीत सात उतरले. न अडखळता तोंडात येतात ते चार.

सगळ्यात आधी बसली 'उमा नो मिमी नि नेंबुत्सु', घोड्याच्या कानात बुद्धाचं नामस्मरण. शेजारी गाढवापुढची गीता लिहिली आणि पुढे सरकलो. 'उगो नो ताकेनोको' म्हणजे पावसानंतरचे बांबूचे कोंब. आपल्या कुत्र्याच्या छत्र्या. 'त्सुकि तो सुप्पोन'ला मात्र हसू आवरेना: चंद्र आणि मऊ पाठीचं कासव. दोन्ही गोल, साम्य तिथंच संपलं! समोर लिहिलं, कुठे इंद्राचा ऐरावत अन् कुठे शामभटाची तट्टाणी. चौथा 'साबा ओ योमु', बांगडे मोजणे, म्हणजे आकड्यात लबाडी, बहुतेकदा वय चोरणे. मासा लवकर नासतो, म्हणून घाईघाईत मोजायचा आणि त्यातच गाळायचा, अशी व्युत्पत्ती सांगतात. आमच्या मालवणी आईला ती लगेच पटली.

घोडं अडलं 'सात्सुकिबारे'पाशी. सात्सुकि म्हणजे पाचवा महिना, म्हणून 'मे महिन्यातलं निरभ्र आकाश' असं लिहून मोकळा झालो. आज तोही अर्थ चालतो. पण हा पाचवा महिना जुन्या पंचांगातला. जपानने ग्रेगोरियन कॅलेंडर घेतलं 1873पासून. त्याआधीचा पाचवा महिना साधारण जूनमध्ये, ऐन पावसात यायचा. म्हणजे मूळ अर्थ काय, तर उघडीप! एका शब्दात काम झालं. त्याच महिन्याचा पाऊस 'सामिदारे'. त्यावरून 'सामिदारे-शिकी', थांबत थांबत, तुकड्यातुकड्यानं. एकाच कामाचे चार ईमेल पाठवावे लागले की जपानी ऑफिसात या शब्दानं माफी मागतात. अजून वापरायचं धाडस झालेलं नाही.

सातवी म्हण सोपी म्हणून शेवटी ठेवली होती: 'सारु मो कि कारा ओचिरु', माकडसुद्धा झाडावरून पडतं. वर्गात सेन्सेईंकडून फळ्यावर एक रेघ राहिली आणि मी उत्साहानं ती ऐकवली. वर्ग चिडीचूप. अर्थ बरोबर, पण वडीलधाऱ्यांना माकड म्हणायचं नसतं. सेन्सेईंनीच शांतपणे पर्याय दिला: 'कोबो मो फुदे नो आयामारी'. कोबो दाइशी, म्हणजे कूकाइ (774–835), सुलेखनात नावाजलेले. पण एका दरवाजाच्या पाटीवर त्यांच्याही हातून एक ठिपका राहिला, अशी आख्यायिका आहे.

वहीत आता तिसरा रकाना आखलाय, 'कुणाला म्हणायचं नाही'. पहिली नोंद माकडाची.